निवडून आपण देतो, मग सरकारचे हात कोण बांधतं?

आधी आमच्या सोसायटीची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच कळायला सोपं जाईल. जुन्या कमिटीनं रिडेव्हलपमेंटसाठी एका बिल्डरबरोबर अ‍ॅग्रीमेंट केलं, नंतर कळलं की भाडं कमी ठरलंय, पार्किंगचं काहीच स्पष्ट नाही, लोक चिडले आणि पुढच्या निवडणुकीत अख्खी कमिटी बदलली. नवी कमिटी पहिल्याच मीटिंगला म्हणाली हे अ‍ॅग्रीमेंट रद्द करून टाकू, खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्यातलेच एक वकील काका उठले, ती जाडजूड फाईल मांडीवर घेतली, चष्मा वर केला आणि मागच्या बाजूचं एक पान वाचून दाखवलं. वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं, आणि सोसायटीनं स्वतःहून रद्द केलं तर बिल्डरचा झालेला खर्च प्लस होणारा नफा सोसायटीनं भरून द्यायचा. सगळे एकदम गप्प. सही करणारे पाचही जण आता कमिटीत नव्हते, पण भरपाई जाणार होती सगळ्यांच्या खिशातून, ज्यांनी विरोध केला त्यांच्याही आणि जी पोरं तेव्हा शाळेत होती त्यांच्याही.

आता सोसायटीच्या जागी देश ठेवा आणि बिल्डरच्या जागी परदेशी कंपनी. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर व्यापार करार झाला तेव्हा टीव्हीवर दोन दिवस स्कॉच किती स्वस्त होणार, गाड्या किती स्वस्त होणार एवढंच चाललं होतं. त्याच ब्रिटनबरोबर गुंतवणुकीचा एक वेगळा करार करायची बोलणी चालू होती, त्याबद्दल फार कुणी बोललं नाही. माझ्या मते आपल्या मताची किंमत किती राहणार हे ठरतं त्या दुसऱ्या प्रकारच्या करारात.

सार्वभौमत्व म्हणजे नक्की काय

शब्द जड आहे पण अर्थ साधा आहे. आपल्या हद्दीत शेवटचा शब्द आपला, आपल्या डोक्यावर दुसरा कुणी मालक नाही. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जी उद्देशिका असते, तिच्यात देश कसा असेल ते सांगणारा पहिलाच शब्द आहे, ‘सार्वभौम’.

पण त्याच वाक्यात पुढे ‘लोकशाही’ पण आहे, आणि तिचा अर्थ नुसतं मत देणं नाही, जाब विचारता येणं. रस्ता खराब झाला तर नगरसेवकाला, वीज महागली तर मंत्र्याला, आणि ऐकलंच नाही तर पाच वर्षांनी घरी पाठवायचं. या दोन गोष्टी जोडीनंच चालतात. समजा तुम्ही सरकार बदललंत, पण नव्या सरकारला जुन्याचा निर्णय बदलताच येत नसेल, किंवा बदलायचा तर हजारो कोटी मोजावे लागत असतील, तर तुमच्या मतानं माणसं बदलली, धोरण तिथंच राहिलं. मग जाब विचारायचा कुणाला, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

गुंतवणूक करार ही काय भानगड आहे

दोन देश एकमेकांना लिहून देतात की तुमच्या कंपन्यांनी आमच्याकडे पैसा गुंतवला तर आम्ही त्यांना नीट वागवू, भेदभाव करणार नाही, भरपाई दिल्याशिवाय त्यांची मालमत्ता काढून घेणार नाही. याला द्विपक्षीय गुंतवणूक करार म्हणतात, मी नुसतं गुंतवणूक करार म्हणेन. भारतानं पहिला असा करार १९९४ मध्ये ब्रिटनबरोबरच केला, नंतर वीसेक वर्षांत ८० पेक्षा जास्त देशांबरोबर केले.

इथपर्यंत कुणाचीच हरकत नसावी. खरी गोम पुढच्या कलमात आहे. सरकारनं वचन मोडलं असं कंपनीला वाटलं तर ती कंपनी थेट त्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादासमोर खेचू शकते. लवाद म्हणजे तीन माणसं, एक कंपनीनं नेमलेला, एक सरकारनं, आणि तिसरा दोघांच्या संमतीनं किंवा एखाद्या संस्थेमार्फत. सुनावणी हेग, लंडन, सिंगापूर, जिनिव्हा कुठंही, बरेचदा बंद दाराआड. निकालावर आपल्या हायकोर्टावर सुप्रीम कोर्ट असतं तसं अपील नसतं, फार मर्यादित कारणांसाठीच तो रद्द होऊ शकतो. आणि हरलेल्या देशानं पैसे दिले नाहीत तर? १९५८ चा न्यूयॉर्कचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात दीडशेपेक्षा जास्त देश आहेत, त्यातल्या बहुतेक ठिकाणी जाऊन कंपनी हरलेल्या देशाच्या व्यापारी मालमत्तेवर जप्ती मागू शकते.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या, हे दार सहसा एकाच बाजूनं उघडतं. कंपनी सरकारवर केस करू शकते, पण कंपनीनं नदीत घाण सोडली म्हणून सरकार किंवा गावकरी तिथं स्वतःहून जाऊ शकत नाहीत.

गुहागरला काय झालं होतं

हे सगळं लांबचं वाटतंय ना? मग दाभोळच्या खाडीवर चला. आज चाळिशीच्या पुढे असलेल्या प्रत्येकाला ‘एन्रॉन’ हा शब्द माहितीये, पण तेव्हा कागदावर काय लिहिलं होतं ते फार थोड्यांनी नीट समजून घेतलं.

जून १९९२ मध्ये एन्रॉन ही अमेरिकन कंपनी आणि आपलं वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या आणखी दोन अमेरिकन कंपन्या बरोबर होत्या. गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरजवळ मोठा वीज प्रकल्प. जागतिक बँकेनं १९९३ मध्येच सांगितलं होतं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही आणि कर्ज द्यायला नकार दिला. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला.

या करारात काय होतं ते समजायला तुमचं महावितरणचं बिल काढा. त्यात ‘स्थिर आकार’ म्हणून एक ओळ असते. महिनाभर घराला कुलूप लावून गावी गेलात, एक युनिट जाळलं नाहीत, तरी तो आकार येतोच. दाभोळचा करार म्हणजे हाच स्थिर आकार, फक्त अवाढव्य. प्रकल्प वीज द्यायला तयार असला की वीज मंडळानं ती घेवो न घेवो, ठरलेली रक्कम द्यायचीच. त्यात दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास. म्हणजे रुपया घसरला की दाभोळचं बिल आपोआप वर.

आणि पैसे थकले तर? पतपेढीत कर्ज घेताना जामीनदार लागतो तसं राज्य सरकार जामीन राहिलं. कंपनीला तेवढ्यावर भरवसा नव्हता, म्हणून १९९४ मध्ये केंद्र सरकार जामीनदाराचं जामीनदार झालं, त्याला काउंटर गॅरंटी म्हणतात. वाद झाला तर लंडनमध्ये लवाद. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला प्रकल्प, महाराष्ट्राचं सरकार, महाराष्ट्राचे ग्राहक आणि निवाडा लंडनला.

मग आली १९९५ ची विधानसभा निवडणूक. शिवसेना-भाजपनं प्रचारात एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा केली, लोकांनी मतं दिली, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली. लोकशाही जशी चालायला हवी अगदी तशी चालली, लोकांना नको होतं, लोकांनी सरकार बदललं, सरकारनं ऐकलं.

पण कंपनीनं लगेच लंडनमध्ये लवाद सुरू केला, भरपाईचा मोठा आकडा समोर आला, आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प परत आला. दर थोडा कमी दाखवला पण आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा पक्का झाला, सगळा मिळून २,१८४ मेगावॅटचा. केंद्रात मे १९९६ मध्ये वाजपेयींचं जे १३ दिवसांचं सरकार होतं त्यानं जाता जाता काउंटर गॅरंटीला मंजुरी दिली. १९९७ मध्ये विरोध करणाऱ्या वेलदूरसारख्या गावांतल्या लोकांवर पोलिसांची कारवाई झाली, अटका झाल्या, त्यात कोळी बायकासुद्धा होत्या. ज्यांच्या जमिनी आणि मासेमारी जाणार होती त्यांचा कागदावर कुठंच पक्षकार म्हणून उल्लेख नव्हता.

इथं कुणी म्हणेल की सगळे पुढारी विकले गेले होते, विषय संपला. मला तेवढ्यानं समाधान होत नाही. समजा त्या वेळी अगदी देवमाणूस मुख्यमंत्री असता, तरी त्याच्या टेबलावर तोच करार, तीच गॅरंटी आणि लंडनची तीच नोटीस आली असती, त्याचेही हात सहीनं आधीच बांधलेले असते.

१९९९ मध्ये वीज सुरू झाली. वीज मंडळाला ती परवडेना, काही महिन्यांत दर युनिटमागे ७ रुपयांच्या वर गेला, मंडळानं बिल थकवलं, २००१ च्या सुरुवातीला कंपनीनं आधी राज्याची आणि मग केंद्राची गॅरंटी वटवायला काढली. माधव गोडबोले समितीनं अहवाल दिला, मे २००१ मध्ये मंडळानं करार मोडला, प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. पुढची काही वर्षं गावागावांत बारा-बारा तास लोडशेडिंग होतं. मी तेव्हा मामाकडे राहायचो, मामी संध्याकाळी सहालाच दळण-कांडण, मिक्सर, पंप सगळं उरकून घ्यायची, वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलेलं असायचं. अंधारात बसायचो आम्ही आणि खाडीवर तयार प्रकल्प बंद पडून होता.

कंपनी बुडाली, मग केस कुणी केली?

एन्रॉन बुडाली पण बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक शिल्लक होत्या, कर्ज देणाऱ्या परदेशी बँका होत्या. अमेरिकेबरोबर आपला गुंतवणूक करारच नव्हता, मग या कंपन्यांनी कुठलं दार ठोठावलं? मॉरिशसचं. दाभोळमधली त्यांची गुंतवणूक मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आली होती आणि भारत-मॉरिशस गुंतवणूक करार १९९८ मध्ये झालेला होता. बँकांनी आपापल्या देशांचे करार वापरले. इथल्या कोर्टांनी लवाद थांबवायचे आदेश दिले तर तीच तक्रार झाली की बघा, आम्हाला न्याय मिळू देत नाहीत. शेवटी २००५ मध्ये तडजोडी झाल्या, प्रकल्प एनटीपीसी, गेल वगैरेंच्या नव्या कंपनीकडे गेला.

म्हणजे करार दोन देशांत असतो हे खरं, पण तो वापरायला त्या देशात एक कंपनी नोंदवलेली असली तरी पुष्कळदा भागतं. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियात कोचाबांबा शहराचं पाणी खाजगी कंपनीकडे गेलं, दर भडकले, २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि कंपनीला जावं लागलं. त्या कंपनीतही बेक्टेलचा हिस्सा होता, आणि केस झाली ती नेदरलँड्स-बोलिव्हिया कराराखाली. जगभर एवढा ओरडा झाला की २००६ मध्ये अगदी नाममात्र रकमेवर ती मिटली. पण हा लोकांच्या दबावाचा विजय होता, कायद्यात तशी सोय होती म्हणून नव्हे.

“पण एकदा सही केली तर शब्द पाळायला नको का?”

पाळायलाच हवा, यात मला शंका नाही. रोज सकाळी उठून सरकार करार मोडायला लागलं तर कुणीच आपल्याशी व्यवहार करणार नाही. आणि कंपन्या दर वेळी चुकीच्याच असतात असंही नाही, हे व्होडाफोनच्या केसमध्ये दिसतं. २००७ मध्ये व्होडाफोननं हचिसनचा इथला मोबाईल धंदा केमन बेटांवरच्या एका कंपनीमार्फत सुमारे ११ अब्ज डॉलरला विकत घेतला. आयकर खात्यानं ११ हजार कोटींहून जास्त कर मागितला. जानेवारी २०१२ मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्याप्रमाणे हा कर लागत नाही. त्यावर सरकारनं त्याच वर्षी कायदाच बदलला आणि तोही मागच्या तारखेपासून. मॅच संपल्यावर नियम बदलण्यासारखं आहे हे, आणि मला ते तेव्हाही चूक वाटलं, आजही वाटतं. सप्टेंबर २०२० मध्ये लवादानं व्होडाफोनच्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबरमध्ये याच मागच्या तारखेच्या करावरून केर्न या दुसऱ्या कंपनीला १.२ अब्ज डॉलर प्लस व्याज द्यायचा निकाल आला, आणि जुलै २०२१ मध्ये बातमी आली की फ्रान्सच्या कोर्टानं पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर टाच आणायला केर्नला परवानगी दिलीय. पुढच्याच महिन्यात संसदेनं तो मागच्या तारखेचा कर मागे घेतला.

कर मागे घेतला ते बरंच झालं. पण कसा घेतला बघा. याच संसदेनं २०१२ मध्ये तो कायदा केला होता. नऊ वर्षं व्यापारी, वकील, अर्थतज्ज्ञ, विरोधी पक्ष सगळे सांगत होते की हे चूक आहे, तेव्हा तो हलला नाही, पॅरिसच्या इमारतींवर टाच आली तेव्हा हलला. चूक सुधारायची ताकद आपल्या हातात असायला हवी होती, ती तिसऱ्याच्या हातात गेली. उद्या चांगला कायदा असला, प्रदूषण थांबवणारा, औषध स्वस्त करणारा, तरी हीच टाच येऊ शकते.

“आपली कोर्टं किती वर्षं लावतात ते पण बघा की”

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. व्हाइट इंडस्ट्रीज नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीचं कोल इंडियाबरोबर आताच्या झारखंडमधल्या पिपरवार खाणीसाठी १९८९ चं कंत्राट होतं. वाद झाला, २००२ मध्ये लवादानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, आणि मग तो निकाल आपल्या कोर्टांत अडकला, दिल्लीत एक केस, कोलकात्यात एक केस, नऊ वर्षं. शेवटी कंपनी भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराखाली भारतावरच गेली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये जिंकली.

यातली गंमत नाही, धक्का म्हणा, तो असा की ज्या वचनाच्या जोरावर कंपनी जिंकली, म्हणजे ‘दाद मागायची परिणामकारक सोय देऊ’, ते ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच. ते होतं कुवेतबरोबरच्या करारात. पण ऑस्ट्रेलियाच्या करारात एक कलम होतं की दुसऱ्या देशाला जे चांगलं द्याल ते आम्हालाही द्या. भाजीवाल्यानं शेजारणीला कोथिंबीर फुकट दिली तर मलाही दे, तसं. लवादानं कुवेतचं वचन उचलून इथं लावलं. म्हणजे एका करारात बेसावधपणे लिहिलेलं वाक्य सगळ्या करारांत घुसू शकतं.

कोर्टांच्या वेळाबद्दल मात्र माझं एकच म्हणणं आहे. धरणात जमीन गेलेला शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी नऊ नाही, वीस-वीस वर्षं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात तारखा घेतो, एसटीनं येतो, वकिलाची फी भरतो, परत जातो. त्याला हेगचं दार नाही. कोर्टं संथ आहेत हे दुखणं दोघांचं एकच आहे, पण औषध फक्त एकाला मिळतं. आणि ज्याच्याकडे ताकद आहे त्याला वेगळं दार मिळालं की मूळ कोर्टं सुधारा म्हणून जोर लावणारा एक मोठा आवाज कमी होतो.

“असले करार नसले तर गुंतवणूक येईल का?”

ब्राझील बघा. त्यांनी कंपनीला थेट देशावर केस करू देणारे करार कधी लागूच होऊ दिले नाहीत, तरी परदेशी गुंतवणूक ओढणाऱ्या मोठ्या देशांत ब्राझील कायम असतो. आपण २०१७ च्या सुमारास बहुतेक जुने करार मोडायच्या नोटिसा दिल्या, त्यानंतर २०२०-२१ मध्ये सुमारे ८२ अब्ज डॉलर थेट परदेशी गुंतवणूक आली. करार मोडल्यामुळे आली असं मी म्हणत नाही, पण कंपनी येते ती बाजार, मजूर, रस्ते, वीज, बंदर बघून, करार ही त्या यादीतली एक गोष्ट.

आपल्याही कंपन्या आता बाहेर जातात, त्यांना संरक्षण नको का, हेही विचारतात लोक. हवं की. फ्लेमिंगो ड्युटी फ्रीनं भारत-पोलंड करार वापरून पोलंडविरुद्ध २०१६ मध्ये केस जिंकली. म्हणून सगळे करार फाडून टाका असं माझं म्हणणं नाहीच. जगाशी बांधून घेतल्याशिवाय विमानं उडत नाहीत, पत्रं पोचत नाहीत, आणि ओझोनचा थर सावरायला लागला तोसुद्धा १९८७ च्या माँट्रियल करारामुळे. तिथं सगळ्यांनी थोडं थोडं सार्वभौमत्व सोडलं म्हणून सगळ्यांचं भलं झालं.

ग्रामपंचायतीनं नाही म्हटलं तर?

मेक्सिकोत ग्वादलकासार नावाची छोटी नगरपालिका आहे. मेटलक्लॅड या अमेरिकन कंपनीला तिथं घातक कचऱ्याचा डेपो चालवायचा होता, केंद्र सरकारची परवानगी होती, नगरपालिकेनं बांधकाम परवाना नाकारला. केस झाली थेट मेक्सिको देशावर आणि २००० साली लवादानं १.६ कोटी डॉलरपेक्षा जास्त भरपाई ठरवली. कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात गाव, जिल्हा, राज्य, कोर्ट, संसद असा फरक नसतो, जो कुणी निर्णय घेईल तो देशाचाच निर्णय. आता आपली ग्रामसभा डोळ्यासमोर आणा.

आणि कित्येक वेळा केस व्हायचीही गरज पडत नाही, नुसती भीती पुरते. सिगारेटच्या पाकिटावर मोठे इशारे छापायला लावले म्हणून फिलिप मॉरिसनं उरुग्वेसारख्या ३५ लाख लोकांच्या देशावर केस केली, पाकिटावरचे ब्रँडचे लोगो आणि रंगच काढायला लावले म्हणून ऑस्ट्रेलियावर. दोन्हीकडे कंपनी हरली. पण तो निकाल लागेपर्यंत न्यूझीलंडनं आपला तसाच कायदा थांबवून ठेवला होता. न झालेल्या कायद्याचा जाब कुणी कुणाला विचारणार? तो कुठं नोंदलेलाच नसतो.

मग सही कोण करतं, आणि कुणाला विचारून?

माझा खरा राग इथं आहे. आपल्या घटनेत परदेशाशी करार करायचा अधिकार केंद्राच्या यादीत आहे, आणि सही करण्याआधी किंवा नंतर तो करार संसदेत मंजूर करून घ्यायचं सरकारवर सर्वसाधारणपणे बंधन नाही. करार अंमलात आणायला देशातला कायदा बदलावा लागत असेल तर संसद लागते, आणि तेव्हाही कलम २५३ प्रमाणे संसद राज्यांच्या विषयांवरसुद्धा कायदा करू शकते. शेती राज्याचा विषय, पण जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर १९९४ मध्ये मराकेशला सही केली ती केंद्रानं. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वेळी जुलै २००८ मध्ये लोकसभेत जे गाजलेलं मतदान झालं ते सरकारवरच्या विश्वासाचं होतं, कराराच्या मजकुरावर नव्हे.

याच्या उलट एक गोष्ट बघा. बेरुबाडीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९६० मध्ये सांगितलं की देशाची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची असेल तर नुसती सही चालणार नाही, घटनादुरुस्ती लागेल. म्हणून बांगलादेशबरोबर छोट्या छोट्या वस्त्यांची अदलाबदल करायला २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. जमिनीच्या तुकड्यासाठी दोन तृतीयांश मतं. आणि पुढची वीस वर्षं कर, पाणी, वीज, औषधं यांवर निर्णय घ्यायची मोकळीक गहाण टाकायची असेल तर संसदेला न विचारता सरकारची सही पुरते.

दुसरीकडे असं नाहीये. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यापासून बहुतेक करार लागू व्हायच्या आधी संसदेच्या कामकाजाचे २१ दिवस सभागृहासमोर ठेवावे लागतात. स्वित्झर्लंडमध्ये तर इंडोनेशियाबरोबरच्या व्यापार करारावर, पामतेलावरून वाद होता म्हणून, मार्च २०२१ मध्ये चक्क सार्वमत झालं. ५१.६ टक्के लोकांनी हो म्हटलं. आता तिथला माणूस उद्या तक्रार करेल तेव्हा त्याला निदान एवढं माहिती असेल की आपल्याला विचारलं होतं.

गुप्तता नको तर वाटाघाटी कशा करणार, असंही म्हणतात, आणि पत्ते उघडे टाकून कुणी खेळत नाही हे मला मान्य आहे. पण मसुदा पक्का झाल्यावर आणि लागू व्हायच्या आधी जो वेळ असतो त्यात तो संसदेच्या समितीसमोर ठेवायला काय हरकत आहे? २०२१ मध्ये परराष्ट्र व्यवहाराच्या संसदीय समितीनं गुंतवणूक करारांवर अहवाल दिला, पण तोवर व्होडाफोन, केर्न सगळं होऊन गेलं होतं.

आत्ता आपण कुठं आहोत

व्हाइट इंडस्ट्रीजच्या ठेचेनंतर आपण थोडं शिकलो. २०१६ पासून भारताचा नवा नमुना करार आहे, म्हणजे पुढच्या बोलण्यांसाठी आपला कच्चा मसुदा. त्यात कंपनीनं आधी निदान पाच वर्षं भारतातल्याच कोर्टांत प्रयत्न करायचे, कराचे विषय लवादाच्या बाहेर, दुसऱ्या देशाचं चांगलं कलम उचलून आणायची सोय काढून टाकलेली, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे निर्णयसुद्धा कराराबाहेर. म्हणजे नमुन्यापुरती तरी आपली ग्रामसभा सुरक्षित.

पण नमुना म्हणजे करार नव्हे. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला त्यात पाच वर्षांची तीन वर्षं झाली. असेल त्याला काही कारण, कदाचित बदल्यात काही चांगलंही मिळालं असेल, पण ते कारण सभागृहात उभं राहून कुणी सांगितलं आणि त्यावर कुणी प्रश्न विचारले, असं व्हायला हवं होतं. ब्रिटन आपल्याकडे तीनच मागतो की आणखी काही, ते कागद बाहेर आल्यावर कळेल. तेव्हा टीव्हीवर स्कॉचचे भाव चालू असतील, तुम्ही चार गोष्टी शोधा: आधी इथल्या कोर्टात किती वर्षं, कर आत की बाहेर, ग्रामपंचायत-नगरपालिका आत की बाहेर, आणि करार मोडला तरी जुन्या गुंतवणुकीला किती वर्षं संरक्षण चालू राहणार. शेवटचं कलम बहुतेक वेळा अगदी शेवटच्या पानांवर असतं, आमच्या वकील काकांनी उघडलं होतं तसल्याच पानावर. मग खासदार गावात आले की तेवढंच विचारा, यातलं तुमच्यासमोर मतदानाला काय आलं होतं?